सहावी शीट

नेऱ्याच्या पुढे, डोंगर सुरू होतो तिथे, गाढी नदीला एक घळ आहे. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मध्ये पाणी, आणि पाण्याने गोल फिरून फिरून कोरलेले रांजणखळगे. नवीन पनवेलच्या आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या गटात तिला 'कॅनियन' म्हणतात. माझी बायको 'तो ओढा' म्हणते. खरं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असावं, पण मी गटाच्या बाजूने होतो.

मी निवृत्त ड्राफ्ट्समन. जन्मभर लोकांच्या इमारतींच्या सरळ रेषा मारल्या. निवृत्तीनंतर माणसाने नातवंडं खेळवावीत, नाहीतर ज्येष्ठ नागरिक संघात बसून सरकारला शिव्या द्याव्यात. मी भात्याचा लाकडी कॅमेरा घेतला. त्यात डोक्यावर काळं कापड ओढून मागच्या काचेत बघायचं, काचेत जग उलटं दिसतं, आणि एका फोटोला तळहाताएवढी एक फिल्मची शीट लागते. लोक मोबाईलवर मिनिटात पन्नास फोटो काढतात, मी सकाळभरात सहा काढायचो. कमी काढतो तो जास्त विचार करतो, असा आमच्या गटाचा समज आहे. मीही तो मनापासून बाळगला होता.

पण हे धूड घळीपर्यंत न्यायचं कोणी? माझ्या गुडघ्यांनी पहिल्याच खेपेला हात टेकले. मग घळीच्या वरच्या वाडीतल्या एक बाई रोजावर येऊ लागल्या. माझ्याच वयाच्या असतील. पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतावर, दिवाळीनंतर वीटभट्टीवर, आणि एखादा खाडा पडला की माझ्या कलेवर. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर कॅमेऱ्याची पेटी, काखेत ट्रायपॉड, अशा त्या कातळावरून तुरुतुरु पुढे जायच्या आणि मी रिकाम्या हातांनी मागून धापा टाकत यायचो. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला सायेब.

माझा नियम एकच होता. चौकटीत माणूस नको. आमच्या गटात निर्मनुष्य निसर्गाला फार मान आहे. ताई मात्र सामान उतरवलं की पाण्यात शिरायच्या आणि दगडाखाली हात घालून खेकडे धरायच्या. मी कापडाखालून ओरडायचो, "ताई, जरा बाजूला." त्या सरकायच्या. "अजून थोडं." त्या अजून सरकायच्या. घळ त्यांच्या दारातली, खेकडे त्यांच्या रात्रीच्या कालवणाचे, आणि जागा निर्मनुष्य करून घेणारा मी नवीन पनवेलचा. यात काही हसण्यासारखं आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या वर्षी एकदा त्या म्हणाल्या, "सायेब, माजा येक काढा."

मी तत्परतेने खिशातला मोबाईल काढला.

"त्यातला नको. ह्यातला." त्यांनी पेटीवर हात ठेवला. "दोन वर्सं डोईवर वाहते मी ह्याला. मंग ह्यात मी नको?"

मी वचन दिलं. सहावी शीट तुमची, म्हटलं.

वचन देताना मी उन्हाचा विचार केला नव्हता. पाच शीटा संपल्या की नेमकं तिरकं ऊन खळग्यांत उतरायचं आणि माझा जीव खालीवर व्हायचा. ताई खडकावर पदर सारखा करून उभ्या असायच्या. मी म्हणायचो, "ताई, पुढच्या वेळी नक्की." त्या "बरं" म्हणायच्या आणि बाजूला व्हायच्या. असं चार-पाच वेळा झालं. त्यांच्या 'बरं'मध्ये राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मग गेल्या हिवाळ्यातली एक सकाळ. त्या दिवशी घळीने मला हवं ते सगळं दिलं. पाण्यावर धुकं, एका कातळावर ऊन, दुसरा ओला काळा. माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम फोटो मी घाईघाईने काढला. सामान आवरताना बघतो तर एक शीट कोरी! मनात म्हटलं, चला, आज ताईंचं देणं फेडू. त्यांना खडकावर उभं केलं, काढला, आणि दानशूर कर्णाच्या चेहऱ्याने घरी आलो.

इथे एक सांगायला हवं. शीट ज्यात भरून कॅमेऱ्यात सरकवतात, त्या होल्डरला एक सरकती पट्टी असते. तिची एक कड पांढरी, एक काळी. शीट कोरी असली की पांढरी कड बाहेर, फोटो काढून झाला की पट्टी उलटी करून काळी बाहेर. कॅमेरावाल्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते एवढंच. मी त्या सर्वोत्तम फोटोनंतर पट्टी उलटी करायला विसरलो होतो. म्हणजे माझं औदार्य एका वापरलेल्या शीटवर झालं.

न्हाणीघरात फिल्म धुतली आणि दिवा लावून बघितलं, तर एकाच शीटवर घळही होती आणि ताईही. त्यांच्या पोटातून नदी वाहत होती, गालावर रांजणखळगा होता. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की बायकोला वाटलं पाय घसरला. कबूल करतो, मला दुःख झालं ते घळीचं. ताईंचं वाईट वाटायला मला दोन दिवस लागले.

प्रिंट घेऊन गेलो. म्हटलं, आमच्या गटात याला कलात्मक म्हणतात. ताईंनी ती उजेडात धरून खूप वेळ बघितली.

"ह्यो माजा नाय," त्या म्हणाल्या. "घळीचा हाय. मी मदी आलीय."

"मग पुन्हा काढू."

"काढा. पन घळ नको. मला बाजूला व्हा, बाजूला व्हा सांगता, आता तिला सांगा."

पुढच्या रविवारी मी एकच शीट भरून नेली. ताई वाटेवर आल्या नाहीत. आज फोटो त्यांचा होता, त्या ओझं कशाला उचलतील? पेटी आणि ट्रायपॉड घेऊन वाडी चढताना मी चार ठिकाणी बसलो. माझ्या कलेचं वजन किती ते मला त्या दिवशी कळलं.

त्या दारात उभ्या होत्या. जांभळं नवं लुगडं, केसांत अबोली. मागे सारवलेली भिंत, तिच्यावर काही नाही. मी घळीकडे पाठ करून कॅमेरा लावला, कापडाखाली शिरलो, काचेत त्यांचं चित्र नीट करून घेतलं. बाहेर आलो आणि चुकून मागे वळून बघितलं. खाली घळीत तेच धुकं आणि तेच ऊन होतं, त्या दिवशीपेक्षाही चांगलं. माझ्या हातात एक शीट होती. खोटं कशाला बोलू, माझा पाय हलला.

ताईंनी ते बघितलं. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "जा सायेब, काढून या. मी हाय हितंच."

मला भयंकर लाज वाटली. घळीकडे पुन्हा पाठ करून मी होल्डर कॅमेऱ्यात सरकवला. "हलू नका ताई," एवढंच म्हणालो. त्या हलल्या नाहीत. फोटो काढला, पट्टी उलटी करून घातली, आणि काळी कड बाहेर आहे ना, हे तीनदा बघितलं.

ताई अजून तशाच उभ्या होत्या. ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "आता ह्यात दुसरं कोन नाय ना?"

"नाही ताई," मी म्हणालो. "तुम्ही एकट्याच."