चारठाण्याची सहावी बंदूक आणि आमचे अप्पा

श्री. विश्वनाथअप्पा कोरे यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळींनी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी त्यांना विचारले, "अप्पांमुळे मला झालेला ताप लिहिला तर चालेल का?" ते हसले. मी मात्र गंभीरपणे विचारले होते. जिंतुरात बंदूक-दुरुस्तीचे दुकान चालवणारे अप्पा आणि फिरत्या सिनेमाचा तंबू चालवणारा मी, आमचा स्नेह आज दहा वर्षांचा आहे, आणि या दहा वर्षांत माझा एकही खेळ त्यांनी सुखाने पार पडू दिलेला नाही.

पहिली भेट बोरीची. बाजाराचा दिवस, तंबू खच्चून भरलेला. पेंढाऱ्यांच्या काळचे कथानक होते. नायकाने बंदूक रोखली आणि पुढच्या रांगेतून एक गृहस्थ उठून उभे राहिले. कपाळी भस्माचे पट्टे, अंगात बाराबंदी. त्यांची सावली पडद्यावर पडली आणि नायक दिसेनासा झाला.

"थांबवा ते यंत्र! ही बंदूक त्या वक्ताची न्हाई."

मी धावत पुढे गेलो. "महाराज, खाली बसा. लोक खोळंबलेत."

"बसतो की. पण ह्याच्या हातात मार्टिनी हाय. खालची दांडी ओढून काडतूस भरायची बंदूक. पेंढारी तोंडाकडून दारू ठासायचे. ही तर त्यांच्या नातवांच्या वक्ताला निघाली."

"अहो, सिनेमा आहे हा!"

"मग लाकडाची दाखवा. खरी दाखवायलाव अन् चुकीची दाखवायलाव, ह्याला काय म्हणावं?"

लोक त्यांना खाली बसवतील ही माझी आशा फोल ठरली. मागून कोणीतरी विचारले, "अप्पा, मग ठासणीची कशी असती?" आणि अप्पा सांगू लागले. त्या दिवशी खेळ पाऊण तास उशिरा संपला.

पुढे हे नित्याचे झाले. सेलूला तंबू लागो की देवगाव फाट्यावर, अप्पा हजर. बंदुकीचा प्रसंग आला की मला रीळ मागे फिरवावे लागे. दुसऱ्या दिवशी ते फिल्मचा तुकडा उन्हात धरून भिंगातून पाहत बसत. हैदराबादेत ज्या उस्तादांच्या हाताखाली ते ही विद्या शिकले, त्यांनी बजावले होते म्हणे, "पहले पहचानो, फिर हाथ लगाओ." त्या उस्तादांना मी मनातल्या मनात किती वेळा हात जोडले असतील! सिनेमा कंपन्यांना चुका कळवणारी पत्रे अप्पा सांगत आणि मी लिहीत असे. एकाही पत्राचे उत्तर आले नाही. तरी पुढचे पत्र लिहावेच लागे.

पण एक गोष्ट नोंदवणे माझे कर्तव्य आहे. एकदा माझ्या यंत्राचे दातेरी चाक तुटले. मुंबईहून नवे येईपर्यंत तंबू गुंडाळून ठेवण्याची पाळी आली होती. अप्पांनी गिऱ्हाइकांची कामे बाजूला सारली आणि दोन दिवस कानस चालवून पितळेचे चाक घडवले. ते चाक आजही चालते. मी आभार मानू लागलो तर म्हणाले, "ते राहू द्या. त्या घोडेस्वाराची बंदूक नीट दिसली न्हाई, तेवढी परत दाखवा."

आता चारठाण्याची हकीकत. तेथील जुन्या देवळांपाशी चित्रण करण्यासाठी एक सिनेमा कंपनी आली होती. गाड्या, पाणी, माणसे पुरवण्याचे काम माझ्याकडे होते. अप्पांना सुगावा लागू नये म्हणून मी शक्य ते सर्व केले. तरी तिसऱ्या दिवशी सकाळी ते मोटारीतून उतरले.

प्रसंग असा होता की बंडखोर नायकाला खांबाला बांधले आहे आणि समोरून सहा शिपाई गोळ्या घालतात. शिपाई म्हणून गावचीच माणसे उभी केली होती. दिग्दर्शक त्यांना सांगत होते, "मी रुमाल हलवला की चाप ओढायचा. बाकी धूर आमचा माणूस काढील."

एवढ्यात अप्पा पुढे झाले. "साहेब, पाच सारख्या हायत. सहावी येगळी हाय."

दिग्दर्शकांनी माझ्याकडे पाहिले. मी अप्पांची बाही धरली. "अप्पा, पाया पडतो तुमच्या. ऊन चाललंय. सहाही मार्टिनीच आहेत ना?"

"मार्टिनीच. पण ह्या पाचांची दांडी आखूड, हिची लांब. ही मागून निघालेली जात हाय. एका तुकडीत दोन जाती कशा असतील?"

"कोण बघणार आहे ते!" मी जवळजवळ ओरडलोच.

"मी बघायलोय न्हवं?"

मी बाही ओढत होतो, दिग्दर्शक घड्याळ पाहत होते, बांधलेला नायक चिडून "लवकर आटपा" म्हणत होता. अप्पांनी कोणाचेही ऐकले नाही. नामदेव नावाचा एक तरुण शेतकरी रांगेत शेवटी उभा होता. त्याच्या हातून त्यांनी बंदूक घेतली, नळीचे तोंड जमिनीकडे वळवले आणि फरक दाखवण्यासाठी दांडी खाली ओढली.

आतून काडतूस उडून देवळाच्या पायरीवर पडले. पुढे शिशाची गोळी असलेले, जिवंत.

मग उलगडा झाला. कंपनीच्या सहा बंदुका निकामी करून आणल्या होत्या. त्यांतली एक वाटेत मोडली, म्हणून व्यवस्थापकाने सकाळी गावातल्या एका बागायतदाराची परवान्याची बंदूक मागून आणली. रानडुकरांसाठी भरलेली बंदूक आपण रिकामी करून दिली, असे त्या भल्या बागायतदाराला खरोखरच वाटत होते. नायकाचे दोर सोडले तेव्हा तो खांबाशीच खाली बसला. दिग्दर्शकांनी रुमाल खिशात घातला. माझ्या मुठीत अप्पांची बाही तशीच होती.

अप्पांनी ती सोडवून घेतली आणि ते नामदेवाकडे गेले. तो पांढराफटक पडला होता. "अप्पा, मी मानूस मारला असता," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. अप्पांनी त्याला शेजारी बसवले, पाणी पाजले. "तुझा कसूर न्हाई, लेकरा. तुला कुनी सांगितलंच न्हवतं," असे ते त्याचा हात धरून दुपारपर्यंत सांगत राहिले. चित्रण कधी सुरू झाले याकडे त्यांनी पाहिलेही नाही. पाच शिपायांवर प्रसंग उरकला.

परतताना मी क्षमा मागितली. अप्पा म्हणाले, "ती भरलेली हाय हे मला बी ठाऊक न्हवतं. मला फक्त चूक दिसली होती." दुसरा कोणी असता तर त्याने हे कबूल न करता मोठेपणा घेतला असता. मला त्यांचा राग येतो तो असा मध्येच अडतो.

गेल्या वर्षापासून अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ते अजून खेळाला येतात, माझ्या यंत्राशेजारी बसतात आणि विचारतात, "शिपायाच्या हातात काय हाय?" मी सांगतो, "बंदूक." ते विचारतात, "कंची?" मला सांगता येत नाही. इतकी वर्षे ते सांगत होते आणि मी ऐकले नाही, याची मला आता लाज वाटते.

पुढल्या महिन्यात त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया आहे. ती निर्विघ्न पार पडो. अप्पांना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो, आणि माझा प्रत्येक खेळ ते दहादहा वेळा बंद पाडोत. मी कुरकुर करीन, पण यंत्र थांबवीन.