काळ्या ऑइलचा डबा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोरमधल्या एका गॅरेजबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. आत माझ्या स्कूटरचं ऑइल बदलणं चालू होतं. फोन भाच्याचा. "मामा, आबा गेले," एवढंच म्हणाला. त्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो असा : "गाडीखाली होते का?" ... माणूस गेल्यावर विचारायचा हा प्रश्न नव्हे, हे मलाही कळतं. पण आमच्या नात्यात कित्येक वर्षं हीच एक धास्ती होती. नव्हते गाडीखाली. दुपारचं जेवले, पडवीत सतरंजीवर जरा आडवे झाले आणि आक्का चहाला उठवायला गेली तर उठलेच नाहीत. सुखाचं मरण म्हणतात ते हे. स्कूटर तिथंच ठेवली, शेजाऱ्याची गाडी काढायला लावली आणि त्यांच्या गावाची, पासलीची वाट धरली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, बाबूराव. डोंगरात भातशेती आणि दारात एक सहाचाकी ट्रक, हा त्यांचा संसार. गावाचा तांदूळ, विटा, वाळू, कडबा, लग्नाचं वऱ्हाड, काय म्हणाल ते त्या ट्रकमधून डोंगर चढलं-उतरलं. मोठी दुरुस्ती निघाली की गाडी सारोळ्याच्या मिस्त्रीकडं जायची. गिअर, क्लच, ब्रेक सगळं तो मिस्त्री बघायचा, आणि दाजींचा त्याच्यावर विश्वासही होता. पण ऑइलला त्यांनी त्याला कधी हात लावू दिला नाही. ते त्यांनी स्वतः बदललं. आंबवड्याला आमच्या घरी पहिल्यांदा जावई म्हणून आले, तेव्हाही त्यांच्या नखांत काळं होतं, आणि माझ्या आईनं ते बघून नाक मुरडलं होतं.

तेरावं उरकल्यावर ट्रकचं काय करायचं हा विषय निघाला. भाचा चाकणला कंपनीत, त्याला ट्रक चालवायचा नव्हता. सारोळ्याचा एक जण गाडी बघून गेला आणि त्याला पसंतही पडली. सगळं ठरलं, तेवढ्यात आक्का म्हणाली, "ऑइल बदलल्याबिगर गाडी दारातनं जायची न्हाई." मी म्हटलं, अगं, घेणारा नेतोच आहे गॅरेजला, तो सगळंच बदलून घेईल. आपण कशाला उपद्व्याप करायचा? तर माझ्याकडं असं बघितलं, जसा मी अजून चड्डीत हिंडतोय. "त्यो बदलंल त्याचं. आपण कुनाचं भांडं रिकामं परत देतो व्हय?" शेजारणीची वाटी आली तर साखरेचा दाणा घालून परत करायची, हे आम्ही दोघंही एकाच आईकडं शिकलो. मग मी विचारलं, सारोळ्याचा मिस्त्री बोलावू का वर? म्हणाली, नको, घरातच व्हायला पाहिजे. येत्या अवसेला ये आणि भोरातनं नव्या ऑइलचा कॅन घेऊन ये.

खरं सांगतो, मी घाबरलो. घरात म्हणजे कोण? भाच्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. उरलो मी. जन्मभर पंचायत समितीच्या कचेरीत खुर्चीवर बसलेला माणूस, त्यानं म्हातारपणी ट्रकखाली झोपायचं?

अवसच का, तेही सांगायला हवं. आमच्याकडं अवसेला गाडी बाहेर काढत नाहीत. दाजींचा अवसेवर कितपत विश्वास होता देव जाणे, पण तो दिवस ते गाडीला देत. गाडी धुवायची, नवं लिंबू-मिरची बांधायचं आणि वेळ झाली असेल तर ऑइल सोडायचं. दारातल्या दारात इंजिन चालू करून ते चांगलं गरम होऊ द्यायचं, म्हणजे ऑइल पातळ होतं. मग गोणपाट अंथरायचं, घमेलं सरकवायचं आणि खाली जायचं. आक्का बाजूला उकिडवी बसून पाना, फडकं, नवा फिल्टर हातात देणार. काळं ऑइल धारेनं घमेल्यात पडायला लागलं की दाजी त्याचा एक थेंब अंगठ्या-बोटात घेऊन चोळत आणि मान हलवत. काय कळायचं त्यातून, मी कधी विचारलं नाही. एवढ्यात अंगणात लोक डबे घेऊन जमायचे. डोंगरात पाऊस असा की लाकडाला वाळवी नाही लागली तर कूज लागते. तेव्हा हे काळं ऑइल कुणी दाराच्या चौकटीला फासायचा, कुणी नांगराला, कुणी गोठ्याच्या मेढींना, म्हणजे खांबांना. अर्ध्या पासलीच्या दारांना दाजींच्या ट्रकचा वास आहे, असं मी थट्टेनं म्हणायचो. ते हसायचे नाहीत. "मग?" म्हणायचे.

ह्या विषयावर आमचा वाद म्हणजे दर दिवाळीचा फराळ. माझं म्हणणं साधं होतं आणि अजूनही तेच आहे. ज्याचं काम त्यानं करावं. गॅरेजमध्ये खड्डा असतो, उजेड असतो, चुकलं तर जबाबदार माणूस असतो. तुम्ही पाठ मोडून घेता, एक दिवस घालवता, कपडे घालवता, आणि ते काळं जमिनीत सांडतं ते वेगळंच. दाजी सगळं ऐकून घ्यायचे. मग एकदा म्हणाले, "पाव्हणं, तुमी दाढी घरी करता का न्हाव्याकडं?" मी म्हटलं, घरी. "का?" मी म्हटलं, आपला गाल आहे, आपल्याला माहीत असतो. "हां," एवढंच म्हणून त्यांनी चकली उचलली. मी म्हणालो, माझा गाल माझ्या छातीवर पडून बरगड्या मोडत नाही. तेव्हा मात्र हसले.

एकदा मात्र त्यांची मोठी चूक झाली. ऐन लावणीचे दिवस, अवस. नवा कॅन भोरहून एसटीनं यायचा होता, एसटीचा ड्रायव्हर ओळखीचा. दाजींनी त्याच्या भरवशावर सकाळीच जुनं ऑइल सोडून दिलं. तिकडं घाटात दरड आली आणि एसटी आलीच नाही. आणि दुपारी खाचरात शेजारच्या नामदेवला फुरसं चावलं. गावात दुसरी गाडी नाही, आणि होती ती रिकाम्या पोटानं उभी. दाजींनी काय केलं, तर आक्काचं धुतलेलं पातळ घेतलं, त्यातून ते काळं ऑइल गाळलं, परत इंजिनात ओतलं आणि अवसेची गाडी बाहेर काढली. दरडीच्या अलीकडून फिरून कुठल्या कच्च्या वाटेनं वेल्ह्याच्या दवाखान्यात पोचले, ते त्यांनाच माहीत. नामदेव वाचला. पण पाय कायमचा अधू झाला. उशीर झाला म्हणून झाला की होणारच होता, हे कुणी सांगितलं नाही, आणि नामदेवनं कधी विचारलं नाही. दाजींनी मात्र तो उशीर स्वतःकडं ठेवला. त्यानंतर पडवीच्या कोपऱ्यात नवा भरलेला कॅन ठेवल्याशिवाय त्यांनी बोल्टाला पाना लावला नाही. तो कोपराच ठरून गेला.

मी तोंडाळ माणूस. त्या दिवाळीला बोललोच, की दाजी, गॅरेजला नेली असती तर ही वेळ आली नसती. ते पायरीवर बसले होते. मग म्हणाले, "खरं हाय. चुकलं माजं. पर गाडी सारोळ्यात आसती, तर त्या दिशी हितं काय आसतं?" तरी मी माझं मत बदललं नाही आणि त्यांनीही त्यांचं.

पुढं त्यांच्या छातीत दुखायला लागलं. भोरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जड काम बंद, गाडीखाली झोपणं तर अजिबात नाही. मी सोबत होतो. दाजींनी शहाण्यासारखी मान हलवली, आणि पुढच्या खेपेला गेलो तर अंगणात लोक डबे घेऊन उभे आणि दाजी कोपरापर्यंत काळे! मी आक्काला बाजूला घेऊन झापलं. नवरा जड झालाय का तुला, म्हणालो. तिनं खाली बघितलं आणि चहा ठेवायला आत गेली. पाना लपवून ठेव, असंही मी सांगून आलो. पण दर वेळी तेच. काळे हात, घमेलं, डबेवाले. ह्या दोघांपुढं हात टेकले मी. शेवटचे भेटले तेव्हा माझ्या घरी तांदळाचं पोतं टाकायला आले होते, तेव्हाही मी तेच टुमणं लावलं. "व्हय व्हय," म्हणाले, चहा प्याले आणि गेले.

तर ती अवस आली आणि मी कॅन घेऊन पासलीला पोचलो. जुनी विजार मुद्दाम घालून गेलो होतो. अंगणात ट्रक धुऊन उभा होता, लिंबू-मिरची नवी. आक्कानं कॅन माझ्या हातातून घेऊन कोपऱ्यात ठेवला. मग शेजारचा पोरगा बोलावून इंजिन जरा चालवून घेतलं आणि त्याला घरी पाठवलं. गोणपाट अंथरलं. मी बाह्या सरसावल्या, तर म्हणाली, "तू तिथं स्टुलावर बस." पदर खोचला, पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली आणि माझी सत्तरीला टेकलेली बहीण सरपटत ट्रकखाली गेली. नळीला एक हिसका दिला आणि बोल्ट सुटला. मी तोंड उघडं टाकून बसलो.

"दाक्तरानं सांगितल्यापास्नं मीच करतीया," ती खालून म्हणाली. त्या पहिल्या अवसेला तिनं खरंच पाना लपवला होता. दाजी दिवसभर ह्याच स्टुलावर बसून राहिले. तिसऱ्या प्रहरी तिनं तो काढून आणला आणि सांगितलं, मी खाली जाते, तुम्ही वरून सांगा. तेव्हापासून असंच चाललं. लोक यायच्या आत उरकायचं, आक्कानं हात धुऊन आत जायचं, आणि दाजी घमेल्यात कोपरापर्यंत हात बुडवून अंगणात उभे राहायचे. "लोकं हसली आसती त्यांला," ती म्हणाली. मी हसलो. मग रडू आलं, ते दाजी गेले त्या दिवशीही आलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्या माणसाला झापत होतो आणि तो नुसते हात काळे करून माझं ऐकून घेत होता!

आक्कानं नवं ऑइल भरलं, इंजिन बंद असतानाच पट्टी काढून पातळी बघितली. तोवर लोक जमले होते. सवयीनं डबे आणले होते, नामदेवही लंगडत आला होता. आक्काचे हात काळे होते आणि ह्या वेळी तिनं ते धुतले नव्हते. नामदेवनं डबा पुढं केला, तशी ती म्हणाली, "ह्या बारीचं न्हाई मिळायचं, भावजी. ह्या ऑइलावरच्या समद्या खेपा त्यांनीच मारल्यात." नामदेवनं डबा पालथा घातला आणि त्यावरच बसून राहिला. जरा वेळानं सगळे गेले.

ट्रक दोन दिवसांनी सारोळ्याला गेला. तिथं त्याचं ऑइल गॅरेजमध्येच बदलत असणार, आणि ते योग्यच आहे. मीही माझी स्कूटर गॅरेजलाच नेतो. परवा पासलीला जाऊन आलो. पडवीच्या कोपऱ्यात, नव्या कॅनच्या जागेवर, झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, काळ्या ऑइलनं गळ्यापर्यंत भरलेला. आजूबाजूला धूळ, डबा मात्र पुसलेला. काय करणार ह्याचं, मी विचारलं. आक्का तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "ऱ्हाऊ दे. घराला वाळवी लागली की लावू." मी पडवीच्या मेढींकडं बघितलं. वर्षानुवर्षं दाजींनी हातानं चोळून चोळून त्यांना इतकं ऑइल पाजलंय, की ह्या घराला काही वाळवी लागायची नाही. हे आक्काला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.