सतरा बोर्ड आणि एक नाव

शंकाताईंना जिची शंका येत नाही अशी एकही गोष्ट त्या इमारतीत नव्हती. लिफ्टचं बटण त्या दाबायच्या, दिवा लागायचा, आणि तरी त्या ते पुन्हा दाबायच्या. दुधाच्या पिशवीवरची तारीख दुकानात एकदा, घरी एकदा आणि पिशवी कापताना एकदा वाचायच्या. मुलीचं नाव ठरवताना तर त्यांनी कहर केला होता. जिन्याच्या तळाशी उभं राहून त्यांनी एकेका नावाने तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेल अशा आवाजात हाक मारून पाहिली. आयुष्यभर हाक मारायची आहे, मग आधी चाचणी नको? शेजाऱ्यांना आठवडाभर वाटत होतं की या बाईंची पाच-सहा मुलं हरवली आहेत.

याच स्वभावावर त्यांची नोकरी उभी होती. कंपनी लहानशी, मायक्रोकंट्रोलर तयार करणारी. म्हणजे नखाएवढी चिप, जी कपडे धुण्याच्या यंत्रात, दाराच्या घंटीत, रक्तदाब मोजायच्या डबीत लपून बसते आणि कुणी कधी काय करायचं ते सांगते. बाकीचे लोक चिप घडवायचे आणि ताई तिला छळायच्या. तापवायच्या, गारठवायच्या, अर्धवट वीज द्यायच्या, नको तेव्हा नको ते विचारायच्या. वीस वर्षं हाच उद्योग. नवरा म्हणायचा, "ऑफिसात तुझी हौस फिटते, म्हणून मी घरी जिवंत आहे."

कंपनीत एक जुना रिवाज होता. चिप बाजारात जाण्याआधी तिच्यातला शेवटचा दोष जो शोधेल, त्याने पुढच्या पिढीच्या चिपचं नाव ठेवायचं. विकताना चिपला लांबलचक नंबर असायचा, पण सगळे तिला हाक मारायचे ती नावानेच. शिवाय ते नाव चिपच्या पोटात, एका कोपऱ्यात, केसाहूनही बारीक अक्षरांत कोरलेलं असायचं. एका पठ्ठ्याने आपल्या कुत्र्याचं नाव ठेवलं, ढोल्या. गेली सहा वर्षं तो ढोल्या घरोघरच्या यंत्रांत बसून मुकाट कपडे धुतो आहे. त्यानंतरची चिमणी. आणि चिमणीतला शेवटचा दोष शंकाताईंच्या नावावर होता.

सोमवारी विक्रीप्रमुख त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. यांना सगळे झेपसाहेब म्हणायचे, कारण कुठल्याही वस्तूला ते झेप, भरारी नाहीतर गरुड यापलीकडे नाव सुचवायचे नाहीत.

"ताई, शुक्रवारी बैठक. नाव तयार ठेवा. या वेळी जाहिरातीतही नावच वापरणार आहोत. काहीतरी जोरकस, काय? उगाच घरातलं कुत्रं-मांजर नको."

"बघते," ताई म्हणाल्या.

एरवी अशा कामावर त्या तुटून पडल्या असत्या. जिन्याखाली जाऊन ओरडल्याही असत्या. पण तीन दिवस वहीचं पान कोरं राहिलं. रात्रीच्या जेवणाला नवऱ्याने विचारलं, "अगं, एवढी वीस वर्षं वाट पाहिलीस, आणि आता तोंड असं का?" त्यावर ताईंनी पाण्याचा पेला उचलला, तळ बघितला आणि परत ठेवला. तोंड का उतरलंय ते त्यांना ठाऊक होतं. तो दोष त्यांना सापडलेला नव्हता.

झालं होतं असं. दहा महिन्यांपूर्वी एका दुपारी त्या पाणी प्यायला तळमजल्यावर उतरल्या. तिथे बोर्ड जोडायचा विभाग होता. खिडकीपाशी भिंग लावलेल्या दिव्याखाली सोल्डरिंगवाल्या मावशी बसायच्या. चिपचे मुंगीच्या पायांएवढे पाय वितळलेल्या कथिलाने बोर्डावर जोडणं हे त्यांचं काम, आणि त्यांच्यासारखा हात कंपनीत दुसऱ्या कुणाचा नव्हता. मावशी बाटली भरता भरता सहज म्हणाल्या, "ताई, माझे बोर्ड जेवणाच्या सुट्टीतच का हो मरतात? झोपवून जाते, जेवून येते, तर उठतच नाहीत."

ताईंच्या डोक्यात लगेच किडा वळवळला. काम नसताना चिपने वीज वाचवायला झोपायचं आणि ठरल्या वेळी उठायचं, अशी तिची रचना. ताईंनी चिमणीला हजारो वेळा झोपवून उठवलं होतं, पण दर खेपेला दहा-वीस सेकंदांसाठी. चाळीस मिनिटं कोण बसून राहतो? त्या दिवशी वर जाऊन ताई बसून राहिल्या. चौतिसाव्या मिनिटाला चिपच्या आतला मोजायचा आकडा भरून पुन्हा शून्यावर गेला, आणि चिमणी उठायचंच विसरली. वीज बंद करून चालू केली की जणू काही झालंच नाही अशी कामाला लागायची.

ताईंनी संगणकावर दोषाची नोंद केली. नोंद करणाऱ्याचं नाव 'कोणाला सापडला' या चौकटीत आपोआप बसायचं. ते बदलायला वेगळी परवानगी लागायची. ताईंनी ती चौकट पाहिली, उद्या बदलू म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्यावर 'अहो, मी नव्हे' असं म्हणायला एक विशिष्ट क्षण असतो. तो गेला की गेला. सगळ्या जगावर शंका घेणाऱ्या बाईंनी त्या एका चौकटीकडे मात्र दहा महिने कानाडोळा केला.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्या तळमजल्यावर गेल्या. मनात ठरवलं होतं की नावाचा मान मावशींना द्यायचा. खरं सांगायचं तर उतरताना त्यांना स्वतःच्या मोठेपणाचं थोडं कौतुकही वाटत होतं.

मावशी टेबलाचा खण रिकामा करत होत्या. चिमटे, ब्रश, चष्म्याची डबी, सगळं एका खोक्यात.

"हे काय, मावशी? सुट्टीवर का?"

"पॅकिंगला जाते सोमवारपासून. खोक्यांना पट्टी लावायला. बरं आहे, तिथे डोळ्यांना ताण नाही."

"तुम्ही? पॅकिंगला? कोण म्हणालं?"

"सुपरवायझर. त्याचं काय चुकलं? माझं काम हळू झालंय. इतरांचे दहा बोर्ड होतात तेव्हा माझे सहा. मी हल्ली प्रत्येक पायाला दोनदा सोल्डर लावते ना."

"दोनदा? का?"

मावशींनी खणातून एक वही काढून पुढे केली. बिघडलेल्या बोर्डांची नोंदवही. त्यांचं अक्षर टपोरं, शाळेतल्या फळ्यावरचं असावं तसं. तारीख, बोर्डाचा नंबर, कारण. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द होता, सोल्डरिंग. त्यापुढे त्यांची सही. ताईंनी मोजले. सतरा होते. शंका नको म्हणून पुन्हा मोजले, तरी सतराच.

"ते जेवणात मरणारे बोर्ड," मावशी म्हणाल्या. "मी काय करायची, वीज काढायची, सगळे पाय पुन्हा जोडायची, वीज लावायची. की चालायचा. म्हणजे जोडच कच्चा होता ना? सतरा वेळा तेच. मग हात वर कसे करणार? लिहून टाकलं. मग ठरवलं की दोनदा लावायचं. तेव्हापासून एक बोर्ड मेला नाही बघा."

बोर्ड जोडल्यामुळे चालत नव्हते. ते जोडण्याआधी वीज काढली म्हणून चालत होते. आणि नंतर मरायचे थांबले ते दोनदा लावल्यामुळे नव्हे, तर दुरुस्त केलेल्या चिमण्या आल्या म्हणून. चिपमधला हा दोष वरच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत होता. खाली येऊन एका माणसाला सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि ज्या बाईने सुचायला हवं होतं ती टाळ्या ऐकत होती.

त्यांनी सगळं सांगितलं. चौतीस मिनिटं, आकडा, चौकट, टाळ्या, काहीही न गाळता. बोलताना त्या वहीकडेच बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तो दोष तुम्हाला सापडला, मावशी. नव्या चिपचं नाव ठेवायचा मान तुमचा आहे. तेच सांगायला आले होते."

मावशींनी उजवा हात दिव्याखाली धरला, बोटं पसरली आणि नीट पाहिली.

"थरथरत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही हो."

"मी घरी सांगितलं होतं, हात थरथरतो म्हणून. सून मला सुई ओवू देत नाही. नातवाला गरम दूध माझ्या हातात देत नाही. दहा महिने, ताई?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ताईंना तो ऐकवेना. "तुम्ही रोज या नळावर पाणी प्यायला येता."

"येते."

"मग?"

"मला लाज वाटली," एवढंच ताई म्हणाल्या. ते खरं होतं आणि पुरेसं नव्हतं.

मावशींनी वही मिटून त्यांच्यापुढे सरकवली. "नाव तुम्ही काय हवं ते ठेवा. मला त्यातलं काय कळतंय? माझे हे सतरा तेवढे खोडा. आणि तुमच्या हाताने खोडा, सहीनिशी."

शुक्रवारच्या बैठकीत चौदा माणसं होती. झेपसाहेबांनी फळ्यावर आधीच तीन गरुड लिहून ठेवले होते. ताई उभ्या राहिल्या. वीस वर्षांत त्यांनी शेकडो दोष लोकांसमोर वाचून दाखवले होते, पण ते सगळे चिपचे.

"नाव सतरा," त्या म्हणाल्या.

"सतरा?" झेपसाहेब हसले. "ताई, आधीच गिऱ्हाईक म्हणतं तुमच्या मालात सतरा भानगडी. आता नावातच घालायच्या?"

सगळे हसले. हसू ओसरेपर्यंत ताई थांबल्या आणि मग त्यांनी वही उघडून टेबलावर ठेवली. प्रत्येक ओळीतला 'सोल्डरिंग' शब्द खोडलेला होता, त्यापुढे 'चिपचा दोष' असं लिहिलेलं होतं आणि सतरा वेळा त्यांची सही होती. चिमणीतला दोष कोणाला सापडला, टाळ्या कोणी घेतल्या आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे त्यांनी सरळ सांगितलं. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुपरवायझरने वही जवळ ओढून पहिल्या पानापासून वाचायला घेतली. झेपसाहेब थोडा वेळ फळ्याकडे बघत बसले, मग स्वतःच उठून त्यांनी गरुड पुसले.

"नंबरापुढे सतरा बरं दिसेल," ते म्हणाले. कधी नव्हे ते हळू आवाजात.

सोमवारी मावशी खिडकीपाशीच होत्या. ताईंशी त्या पहिल्यासारखं बोलत मात्र नव्हत्या. ताई पाणी प्यायला आल्या की "या" म्हणायच्या आणि मान खाली घालायच्या. ताईंनी ते मुकाट सोसलं. पाण्याला दुसऱ्या मजल्यावरही नळ होता, पण त्या तिथे गेल्या नाहीत.

वर्षाने सतराचे पहिले नमुने आले. एका चपट्या डबीत दहा चिपा, मेल्या झुरळांसारख्या उताण्या. डबी खाली पोचवायला ताई स्वतः गेल्या आणि देऊन निघाल्या.

"थांबा की," मावशी म्हणाल्या. "बघून जा."

त्यांनी चिप चिमट्याने उचलली, बोर्डावर बसवली, भिंग ओढलं. पहिल्या पायाला सोल्डर लावलं. सवयीने हात पुन्हा त्याच पायाकडे गेला. तिथे तो क्षणभर थांबला.

मग मावशींचा हात पुढच्या पायाकडे गेला.