सासूबरोबर तुर्कांची झारी बघायला

मुंबईला जायचं आमच्या सासूनेच ठरवलं, आणि तेही तांब्यापितळेची भांडी बघायला! आळी हसली. हसू दे मेली.

आमचे हे आगबोटीवर खलाशी. तुर्कस्तानच्या बंदरात तापाने पडले, तेव्हा त्यांना तिथल्या दवाखान्यात उतरवून बोट पुढे निघून गेली. बरोबरचा एक खलाशी रत्नागिरीला परत आला, त्याने एवढं सांगितलं. पुढे काहीच खबर नाही. तेव्हापासून आये, म्हणजे आमची सासू, दोन घासांवर उठायची. "परक्या मुलखात माझ्या पोराला पाणी कोण देईल गो?" हेच तिचं चालायचं. अशात भावकीतला एकजण मुंबईहून आला आणि बोलून गेला, की तिथल्या म्युझियमात तुर्कांची जुनी भांडी मांडलीत. झालं! "भांडी बघू, म्हंजे माणसं कशी हायत ता कळंल," म्हणाली आणि बोचकं बांधायला बसली.

तुम्हीही जाणार असाल तर पावसाळा संपू द्या, तोवर बोट बंदच असते. बोट लांब उभी राहते, होडीतून तिच्यापर्यंत जावं लागतं, म्हणून ओझं कमी ठेवा. तिकीट डेकचं काढा, पण चटई इंजिनापासून दूर टाका, नाहीतर भाजून निघाल. आम्ही तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी नेली होती. नेली खरी, पण जयगड यायच्या आत माझ्या पोटातलं सगळं समुद्राला गेलं. आये मात्र ताठ! "खलाशाची बायको ना गो तू? लाज आणलीस."

भावकीच्या खोलीवर उतरलो आणि दुसऱ्या दिवशी ट्रामने म्युझियम गाठलं. आम्हा नऊवारीवाल्यांना दारातूनच हाकलतील अशी धाकधूक होती, पण कोणी हटकलं नाही.

तुर्कांचं सामान एका काचेच्या कपाटात होतं. नक्षीदार मुठीची तलवार, चांदीची तार ठोकून बसवलेली धूपदाणी, आणि सगळ्यावर लांबट पाकळ्यांची फुलं. अगं बाई, काय ती फुलं! धातूवर काढलीत हे खरंच वाटेना. मधोमध तांब्याची झारी, वर सोन्याचा मुलामा, खाली पसरट तस्त, परातीसारखं, आणि तस्तावर भोकाभोकांचं झाकण.

आयेने काचेला नाक लावलं. पहारेकरी घाटावरचा दिसला. "आजी, मागं सरा की जरा."

"सरते रे बाबा. पण ह्या झारीचं करतात काय?"

"पाहुणा जेवायला बसला की त्याच्या हातावर पाणी घालायची. हात धुतल्यालं पाणी दिसू नये म्हणून खाली झाकण."

आये झारीकडे पुन्हा वाकली. मग मला जवळ ओढून म्हणाली, "मूठ बघ. सोनं झिजलंय, आतलं तांबं दिसतंय. किती जणांनी धरली असंल गो!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "पाणी घालणारी माणसं हायत ती. माझ्या गणूला तहानलेला ठेवायची नायत."

मला मात्र रागच आला. किती दिवस छातीत दाबून ठेवलेलं तोंडातून निसटलं. "आणि तिथलीच कोणी पाणी घालणारी आवडली, परत आलेच नाहीत, तर?"

पहारेकऱ्याने बिचाऱ्याने तोंड फिरवलं. आयेने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तर तिथे ऱ्हाऊ दे. जगू दे गो पोरी, जगू दे." तिथेच, त्या कपाटासमोर, मी हमसून हमसून रडले.

बाहेर पडल्यावर एका खाणावळीत आये पोटभर जेवली. पुन्हा भात मागून घेतला. मी एवढ्यानेच भरून पावले.

आता घरी आहोत. हे अजून आलेले नाहीत. ती फुलं अंगणात रांगोळीने काढून बघते, जमत नाहीत. तुर्कांच्या मुलखातल्या त्या न पाहिलेल्या बाईचा पुष्कळ दिवस हेवा करून झाला. हल्ली देवापुढे दिवा लावला, की तिच्यासाठीही हात जोडते. म्हणते, घाल गो बाय, त्यांना पाणी घाल. तापात त्यांना तहान फार लागते.