खांद्यावरच्या तीन कोयऱ्या

बत्तीस वर्षांच्या नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. आरोपी एका गुन्ह्यातला आठवतो आणि पंचनामा दुसऱ्याच. हे एक प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे समोर उभे राहते. नावे कोणाचीच देणार नाही. त्यातली काही माणसे आजही त्याच गावात एकमेकांच्या शेजारी राहतात.

नव्वदचे दशक संपत आले होते. मी पुण्याच्या पश्चिम कडेच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. वारज्याच्या पुढची गावे शहरात येऊ लागली होती. आयटीतल्या पोरांना फ्लॅट हवे होते, बिल्डरांना जमिनी हव्या होत्या. गेल्या हंगामात जिथे ज्वारी उभी होती तिथे पत्र्याचे कुंपण दिसायचे. वाटणी, मोजणी आणि त्यावरून मारामारी, आमच्या स्टेशन डायरीची निम्मी पाने यातच भरत.

एका सकाळी हजेरी आटोपून मी टपाल पाहत होतो. पस्तिशीची एक बाई आत आली. कपाळ मोकळे, डोक्यावर पदर. तिने पिशवीतून एक फोटो काढला आणि माझ्यापुढे उताणा ठेवला.

"सायेब, ह्यो फोटो माझा हाय. पण त्यात मी न्हाई."

फोटोत ती लॉजच्या पलंगावर एका पुरुषाला खेटून बसली होती. चेहरा अगदी स्पष्ट. अंगावर जरीचे जांभळे पातळ, गळ्यात मंगळसूत्र.

तिची हकीकत सरळ होती. नवरा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. जमीन सामाईक. थोरल्या दिरांना सगळी जमीन एका बिल्डरला द्यायची होती आणि त्यासाठी हिची हक्कसोडपत्रावर सही हवी होती. हिने नाही म्हटले. मग दिरांनी हा फोटो तिच्या हातात दिला. आठ दिवसांत सही कर आणि माहेरी निघून जा, नाहीतर याची दुसरी प्रत चावडीवर लावतो, असे बजावले.

"आठ दिवस कधी संपतात?" मी विचारले.

"आठ दिस कशाला? मी त्याच दिशी माझ्या हातानं सगळ्यांस्नी दावला. जावंला दावला, शेजारणीला दावला, भजनाच्या बायकांना दावला. आता तुमाला."

"लोक काय म्हणाले?"

"म्हणायचं त्ये म्हणत्यात. पण चावडीवर लावायला आता त्यांच्यापाशी काय ऱ्हायलं?"

मी पातळाबद्दल विचारले. ती म्हणाली, ते नणंदेच्या लग्नात नेसले होते, पाच वर्षे झाली. नवरा गेल्यावर ते अंगाला लावले नाही. मी तिचा तक्रार अर्ज घेतला आणि चौकशीवर ठेवला. दिरांना बोलावले. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, विधवेनं असं नटून लॉजवर जायचं, ह्याच्यावर मी काय बोलू? आम्हालाच तोंड लपवायची पाळी आली."

आठवड्याभरात एक खबर लागली. गावाच्या नाक्यावर गॅरेज चालवणारा एक जण आम्हाला अधूनमधून माहिती देत असे. तो म्हणाला, "साहेब, त्या बाईचे दीर, ते थोरले पाटील, पौड रोडच्या कॉम्प्युटर क्लासात जातात. दोन-तीनदा पाहिलं. सही करायला अर्धा तास लागतो त्या माणसाला. ते काय टायपिंग शिकायला जातात व्हय?"

क्लासवाल्याला चौकशीसाठी बोलावले. तिशीचा, टाय लावलेला, बोलणे तुपासारखे. खुर्चीवर बसण्याआधी त्याने ती रुमालाने पुसली.

"अहो साहेब, आमच्याकडे टायपिंग आणि ऑफिसची कामं शिकवतात. ते फोटोचं सॉफ्टवेअर मला येत नाही. पाटील चौकशीला आले होते, मुलाच्या ॲडमिशनसाठी."

"फोटो कॉम्प्युटरवर जोडलेला आहे असा आमचा संशय आहे."

"असेल. पण कुठे जोडलाय ते आपण दाखवा ना." त्याने कोपऱ्यातल्या आमच्या कॉम्प्युटरकडे पाहिले. त्यावर प्लॅस्टिकचे कव्हर होते आणि कव्हरवर चहाचा कप. "आपल्याला येत नाही, मलाही येत नाही. म्हणजे आपण दोघं सारखेच. बाकी माउस धरून बघायला हरकत नाही, चावत नाही तो."

जबाब लिहून घेणाऱ्या माझ्या रायटर हवालदाराने मान खाली घातली. क्लासवाल्याला सोडून द्यावे लागले.

वरिष्ठांनी मला केबिनमध्ये बोलावले. "फोटो प्रयोगशाळेत पाठवा आणि मोकळे व्हा. उत्तर यायचं तेव्हा येईल. घरगुती मामला आहे. तुम्ही काय कॉम्प्युटर इंजिनियर आहात?"

"नाही, सर. पण ज्यानं हे केलं तोही नसेल. तो कुठूनतरी शिकलाच असेल."

"मग तुम्हीपण शिकणार का आता? या वयात?"

"हो, सर."

ते हसले. त्यांना मी चेष्टा करतोय असे वाटले. खरे सांगायचे तर केबिनचे दार उघडेपर्यंत मलाही ते तोंडातून गेलेले वाक्यच वाटत होते. बाहेर आलो आणि ठरवून टाकले.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यात अप्पा बळवंत चौकात गेलो. फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरचे पुस्तक मागितले. दुकानदाराने जुन्या पुस्तकांतून सहाशे पानांचा इंग्रजी ठोकळा काढला. मागच्या पुठ्ठ्यात एक सीडी होती.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

त्याने माझ्या पिकलेल्या मिशांकडे पाहिले. "बदलून मिळणार नाही," एवढेच म्हणाला आणि पिशवीत घातले.

घरी मुलीच्या इंजिनियरिंगसाठी कॉम्प्युटर घेतलेला होता. सीडीतले सॉफ्टवेअर तीस दिवस चालणार होते, नंतर आपोआप बंद. म्हणजे माझ्या अभ्यासाला मुदत होती. पहाटे पाच ते सात मी बसू लागलो. डाव्या हाताला पुस्तक, उजव्या हाताला शब्दकोश. माझे शिक्षण इतिहासात बी.ए. पहिले तीन दिवस मी एकच पान वाचत होतो. माउस टेबलाच्या कडेपर्यंत जायचा आणि पुढे जागा नाही म्हणून मी थांबून राहायचो. तो उचलून परत मध्ये ठेवायचा असतो हे सहाशे पानांत कुठेही लिहिलेले नव्हते. ते मुलीने सांगितले.

पण पुस्तक चांगले होते. फौजदारी मॅन्युअलसारखेच, एकेक पायरी सांगणारे. आधी हे करा, मग ते करा, असे दिसले नाही तर मागे जा. ती भाषा मला कळत होती. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद, हे आठव्या दिवशी उमगले आणि मी इतक्या जोरात "अच्छा!" म्हणालो की बायको दूध उतू घालवून बाहेर आली. माझाच ओळखपत्राचा फोटो कापून सिंहगडावर चिकटवला. मुलगी म्हणाली, "बाबा, एक कान राहिला."

अकराव्या प्रकरणात क्लोन स्टॅम्प नावाचे हत्यार होते. फोटोतला नको असलेला भाग झाकायचा असेल तर शेजारचा तुकडा उचलून त्यावर ठसा मारायचा. सरावासाठी आकाशातला विजेचा खांब पुसायचा होता. मी तासभर खपून पुसला. मुलीला अभिमानाने बोलावले.

तिने पाहिले. "बाबा, एकच ढग दोनदा आलाय."

खरेच आला होता. पुस्तकात पुढच्याच पानावर इशारा होता: एकाच जागेवरून वारंवार उचलू नका, पुनरावृत्ती ओळखू येते. मी तसाच उठलो, अंघोळ न करता ठाण्यात गेलो, कपाटातून तो फोटो काढला आणि भिंग घेतले.

जांभळ्या पातळावर जरीच्या कोयऱ्या होत्या. डाव्या खांद्यावर एका कोयरीला मधोमध चुणी पडून तिचे टोक दुमडले होते. तिच्या शेजारची कोयरी, तिचेही टोक तसेच दुमडलेले. तिच्या खालच्या कोयरीचेही. चुणी तीच, उजेडाचा ठिपका तोच, तीन ठिकाणी. कापडाला एकसारखी चुणी तीनदा पडत नाही. म्हणजे त्या खांद्यावर काहीतरी होते आणि ते झाकले होते.

मी त्या बाईला बोलावून घेतले. "लग्नात तुमच्या डाव्या खांद्यावर काय होतं?"

तिने क्षणभर आठवले. "नणंदेचा हात. पाठवणीच्या वक्ताला ती माझ्या शेजारी बसून, खांद्यावर हात टाकून रडली व्हती. तवा कुणीतरी फोटू काढला."

लग्नाचे फोटो काढणारा स्वारगेटच्या मागे राहत होता. त्याने निगेटिव्ह पाकिटांत तारखेनिशी जपून ठेवल्या होत्या. दोन पंचांसमक्ष शोधल्या, मोठी प्रत काढली. तोच चेहरा, मानेचा तोच कल, तेच मंगळसूत्र. आणि खांद्यावर हिरव्या चुड्याने भरलेला नवरीचा हात. त्याच दिवशी बदनामीसाठी बनावट फोटो आणि धमकी, असा रीतसर गुन्हा दाखल केला.

फोटो खोटा होता हे आता सिद्ध होते. कोणी केला हे नव्हते.

क्लासवाल्याला पुन्हा आणले. निगेटिव्हची प्रत मी खणात ठेवली होती. टेबलावर फक्त तो बनावट फोटो. हात लावायचा नाही, आवाज चढवायचा नाही, असे मी हवालदारांना आधीच सांगितले होते. बऱ्याच वर्षांत एक गोष्ट पाहिली होती. कसबी माणूस मार सहन करतो, पण आपल्या कामाला नावे ठेवलेली त्याला सहन होत नाहीत.

"तुम्हाला उगाच त्रास दिला," मी म्हणालो. "हे काम तुमचं नाही हे मला कळलं. तुम्ही हुशार दिसता. हे कोणा शिकाऊ पोराचं काम आहे."

"असं?" तो म्हणाला.

"अगदीच कच्चं. ही कड बघा ना, सरळ कात्रीने कापल्यासारखी. कड मऊ करायची असते एवढंही त्याला माहीत नव्हतं."

त्याचा चेहरा ताठ झाला. त्याने फोटो स्वतःकडे ओढला. "कुठे कात्रीने कापल्यासारखी? कड मऊच आहे, दोन पिक्सेल फेदर दिलंय इथे! नीट बघा जरा."

"कोणी दिलंय?"

त्याने फोटो घाईने परत माझ्याकडे सरकवला. मी खण उघडला आणि चुड्याचा हात असलेली प्रत त्याच्यापुढे ठेवली.

"खांद्यावर तीनदा एकाच जागेवरून उचललंत," मी म्हणालो. "अकराव्या प्रकरणात ते करू नका म्हणून लिहिलंय."

"आपण कुठला क्लास केलात?" त्याने विचारले. आवाजातले तूप गेले होते.

अल्बममधला फोटो दिरांनी आणून दिला, त्याने स्कॅन केला; पुरुष आणि पलंग मासिकांतल्या चित्रांतून उचलले. मूळ फाइल असलेली सीडी क्लासच्या कपाटात, परीक्षेच्या फॉर्मांखाली आहे, असे त्याने पंचांसमोर सांगितले आणि स्वतः काढून दिली. फाइलमधले लेयर त्याने एकत्र केलेच नव्हते. "पाटलांनी काही बदल सांगितला असता तर," असे त्याचे म्हणणे. त्याच्याच कॉम्प्युटरवर, पंचांसमक्ष, मी एकेक लेयर बंद केला. आधी तो पुरुष गेला. मग खांद्यावरचे ठसे गेले आणि तिथे अर्धवट कापलेली हिरव्या काकणांची कड दिसू लागली. मग ती बाई गेली. उरला एक रिकामा पलंग.

दिरांना अटक झाल्यावर गावातली चार वडीलधारी मंडळी ठाण्यात आली. मी तिलाही बोलावले होते.

"पोरी, झालं ते झालं," त्यांच्यातले एक म्हणाले. "तुझा वाटा देतो म्हणत्यात. तक्रार मागं घे. घराचं नाव कोर्टात नको जायला."

"घराचं नाव माझं बी हाय, तात्या. इतके दिस त्ये म्याच एकलीनं राखलं. तुमी कुटं व्हता?"

तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मंडळी उठली.

खटला बरीच वर्षे चालला. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी मला विचारले, "आपल्याकडे संगणकाची पदवी आहे?"

"नाही."

"पदविका? प्रमाणपत्र?"

"नाही."

"मग हे ज्ञान आपल्याला कुठून आलं?"

"पुस्तक वाचून. आपणही वाचू शकता."

न्यायाधीशांनी मला समज दिली, जी मला मिळायलाच हवी होती. पण नंतर त्यांनी भिंग मागवले आणि तिन्ही कोयऱ्या स्वतः पाहिल्या. दोन्ही आरोपींना शिक्षा झाली. तिच्या वाट्याची जमीन तिच्या नावावर झाली. ती तिने विकली नाही.

या प्रकरणाने मला कॉम्प्युटर शिकवला असे ठाण्यातले लोक म्हणत. तो पुस्तकाने आणि मुलीने शिकवला. प्रकरणाने शिकवले ते वेगळे, आणि ते सांगायला मला आजही थोडे जड जाते. पहिल्या दिवशी मी त्या बाईचा नुसता अर्ज घेतला, गुन्हा नोंदवला नाही. कारण ती रडली नाही. रडणारी बाई खरी आणि डोळ्यांत पाहून बोलणारी बनेल, हा हिशेब माझ्या डोक्यात कधी घुसला ते मलाच ठाऊक नाही. फोटो खोटा आहे हे समजण्याआधी मी तिला मनातल्या मनात तोलत होतो. तिने मात्र एकदाही विचारले नाही, साहेब, तुमचा माझ्यावर विश्वास आहे ना? माझ्या विश्वासाशी तिला कर्तव्यच नव्हते. तिला तपास हवा होता, आणि तो तिचा हक्क होता.

पुढच्या सगळ्या नोकरीत मी आधी गुन्हा नोंदवत गेलो आणि मत नंतर बनवत गेलो. वरिष्ठांची बोलणी खाल्ली, ठाण्यातल्या गुन्ह्यांचे आकडे वाढवतो म्हणून शेरेही पडले. पडू दिले.