एका पायाचा नवस

देवाकडं मागणारी माणसं ढिगानं भेटतात. पण देवाच्या वतीनं भक्तांशी घासाघीस करणारा माणूस साऱ्या भूम तालुक्यात एकच, आणि तो म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. मंडळ म्हणजे काय, तर भैरवनाथाच्या देवळात भजन करणारे पाच म्हातारे. देवाची सेवा म्हणून त्यांनी देवळाशेजारच्या दोन खोल्यांत दवाखाना काढला होता. डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार आणि बाकीचे दिवस नर्सनं बघायचं. ती नर्स मी. मूळची याच तालुक्यातल्या ईट गावची. पुण्याला मोठ्या दवाखान्यात अर्ज टाकला होता, तिथून बोलावणं येईपर्यंत सहा महिने काढू, एवढ्याच हिशेबानं मी या गावात आले होते. अध्यक्षांना सगळं गाव अध्यक्षच म्हणायचं, त्यांची बायकोसुद्धा. ‘अध्यक्ष, पाणी तापलंय, अंघोळीला उठा,’ असं काकू परसातून ओरडायच्या, तेव्हा सभा सुरू होतेय की काय असं वाटायचं.

अध्यक्षांची जागा देवळाच्या तिसऱ्या पायरीवर. नवस फेडायला आलेला माणूस तिथं अडवला जायचाच. देवळात तेव्हा इतक्या घंटा होत्या की आत शिरताना उंच माणसाला वाकावं लागे. कुणी नवी घंटा घेऊन आला की अध्यक्ष ती हातात घ्यायचे, वाजवून बघायचे, वाखाणायचे आणि मग विचारायचे, “देवाला कमी ऐकू येतंय व्हय?” समोरचा गडबडून नाही म्हणायचा. “मग? घंटा लई झाल्या देवाकडं. त्येंचं काय लोणचं घालायचं? बाईकडं बीपीचं मशीन न्हाय, त्ये आणून दे. देवाला पोचलं म्हणून समज, म्या सांगतो त्येला.” आणि तो बापडा खरंच मशीन आणायचा! माझ्या दवाखान्यातली एकूणएक वस्तू अशी कुणाच्या तरी नवसाची. तपासणीचं टेबल पोलीस भरतीचं, फ्रिज चाळिशीत लग्न जमलेल्या नवरदेवाचा, तर बाळांचा वजनकाटा बांधावरचं भांडण मिटलं म्हणून दोन्ही भावांनी मिळून दिलेला. वस्तू देवाची, म्हणून बायका बीपी मोजून घेण्याआधी मशीनला हळदकुंकू लावायच्या. माझं मशीन कधी स्वच्छ दिसलं नाही.

पण काट्यावर लेकरू ठेवायला कुणी तयार नाही. वजन केलं की नजर लागते, ही पक्की समजूत. मी घसा कोरडा करून सांगितलं, तक्ते दाखवले, शेवटी रडकुंडीला आले. अध्यक्षांनी पायरीवरून नुसता हुकूम काढला, की यापुढं लेकराच्या वजनाइतका गूळ वाटायचा नवस असेल, तर ती गूळतुला बाईंच्याच काट्यावर होईल. गुरव उसळला. “एका पारड्याची तुला असती व्हय कुठं?” अध्यक्ष म्हणाले, “दुसरं पारडं देवाच्या हातात हाय. तुला दिसत न्हाय त्येला म्या काय करू?” झालं! लेकरांची रांग लागली. गूळही गावात न वाटता शेंगदाण्यासकट आईलाच खायला द्यायचा, असं ठरलं. मग माझ्या लक्षात आलं, की जे लेकरू हडकुळं, त्याच्याच आईला गूळ कमी मिळतोय. मी तसं म्हणताच अध्यक्षांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी नियम उलटा केला. वजन जेवढं कमी भरेल, तेवढा गूळ जास्त. त्यानंतर एक आजी काट्यावर ठेवण्याआधी नातीचं टोपरं, वाळे, करदोडा, सगळं उतरवायला लागली. तरी सांगते, त्या गुळानं त्या वर्षी तीन लेकरं अंगानं भरलेली मी स्वतः पाहिली.

एवढ्या हुशार माणसाचं एक खूळ मात्र माझ्या डोक्यात जायचं. अध्यक्ष बारा महिने अनवाणी. उन्हाळ्यात दगड तापलेले असोत की पायाखाली बाभळीचे काटे असोत, पायात काही म्हणजे काही नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, “नवस हाय.” कसला? “सांगितला की फळत न्हाय.” त्यात त्यांना साखरेचा आजार! साखरवाल्या माणसानं अनवाणी फिरू नये, पायाला जखम झाली तर भरत नाही, हे मी त्यांना रोज सुनवायचे. ते म्हणायचे, “साखर माझी हाय अन् नवस देवाचा. त्येंचा एकमेकाशी काय संबंध?”

संबंध दिसायला वेळ लागला नाही. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली काटा मोडला आणि जागा चिघळली. मी रोज पट्टी करायची, आणि त्यांनी तीच पट्टी घेऊन धुळीतून घरी जायचं. डॉक्टरांनी बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर अंगठा जाईल, मग पाऊल. नेमकं त्याच दिवशी पुण्याचं बोलावणं आलं. मला धड आनंदही होईना. संध्याकाळी अध्यक्ष मातीनं भरलेली पट्टी घेऊन समोर बसले आणि माझं डोकं फिरलं. मी ओरडले, “उद्या चपला घालून या, नाहीतर मी चालले पुण्याला! बोलावणं आलंय मला!”

ते उठले आणि लंगडत निघून गेले.

थोड्या वेळानं काकू आल्या. माझ्यासाठी भाकरी आणि ठेचा आणला होता. म्हणाल्या, “बाई, तुमाला म्हाईत न्हाय म्हणून सांगते. त्येंचा नवस तुमच्यावरच हाय. आमची थोरली लेक हितंच बाळंतपणाला आली व्हती. गावात बघणारं कुणी न्हवतं. भूमला नेईस्तवर वाटंतच गेली, पोटातल्या जिवासकट. तवा ह्यांनी चपला देवापुढं काढून ठेवल्या. गावात नर्सबाई कायमची राहिली, तरच घालीन म्हणले. तुमच्या आधी तिघी आल्या न् गेल्या.” भाकरी माझ्या हातातच राहिली. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या म्हाताऱ्याचा रागही आला. एवढं मोठं ओझं पायावर घेऊन हा माणूस लोकांना घंटांवरून हसवत बसला होता!

सकाळी मी जाऊन त्यांच्या आधी तिसऱ्या पायरीवर बसले. ते आले तसं अडवलं.

“अनवाणी पाय लई झाले देवाकडं. त्यांचं काय लोणचं घालायचं?”

“बाई, थट्टा करू नका.”

“थट्टा नाही. माझाही नवस आहे. तुमची जखम भरली, तर मी हे गाव सोडणार नाही.”

ते विचारात पडले. “जखम कशानं भरायची?”

“चपला घालून.”

“आन् चपला कवा घालायच्या?”

“मी राहिले की.”

अध्यक्षांनी दोनदा बोटं मोजली, मग गुरवाला हाक मारली. पाचही म्हातारे दुपारपर्यंत गाभाऱ्यासमोर खल करत बसले. शेवटी अध्यक्ष दवाखान्यात आले, ते उजव्या पायात कोरी चप्पल घालून. डावा पाय उघडाच. “जखमंचा पाय तुमच्या नवसाचा,” त्यांनी निकाल सांगितला. “ह्यो दुसरा माझ्या नवसाचा. तुमी राहिलात की ह्येलाबी घालू.”

तीन महिने अध्यक्ष एका चपलेनं हिंडले. भूमच्या बाजारात लोक हळहळून त्यांची दुसरी चप्पल शोधायला लागायचे. एकदा तर एसटीच्या कंडक्टरनं गाडी थांबवून सगळ्या सीटांखाली बघितलं म्हणे. जखम हळूहळू भरत आली. शेवटची पट्टी सोडली त्या दिवशी मी त्यांच्यासमोरच पुण्याला येत नसल्याचं पत्र लिहिलं. त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि डावी चप्पल घातली. एक झिजलेली, एक कोरी. त्यामुळं चालणं तिरकं व्हायला लागलं, पण नवी जोडी काही घेतली नाही.

त्याला आता नऊ वर्षं झाली. गावातल्या दोन पोरी लातूरला नर्सिंग शिकतायत. त्यांची पुस्तकं, कपडे सगळं नवसाचंच. अध्यक्ष मात्र थकलेत. पायरीवर बसतात, पण घासाघीस जमत नाही. काल काय झालं ते आज आठवत नाही. देवाचं घर म्हणून माझ्या दवाखान्यात सगळे चपला बाहेर काढून येतात. फक्त अध्यक्षांनी घालूनच यायचं, असा माझा नियम आहे. तरी रोज सकाळी ते उंबऱ्याशी येऊन थबकतात. पायातल्या चपलांकडं बघतात, मग माझ्याकडं, आणि घाबऱ्या आवाजात विचारतात, “बाई, तुमी राहनार न्हवं?”

“राहणार, अध्यक्ष.”

मग ते चपलांसकट आत येतात.