सग्वारोच्या रानातली हाक

या सदरातले अनुभव मी आजवर गोष्टी म्हणून वाचत आले, विश्वास ठेवून कधीच नाही. आज स्वतः लिहायला बसले आहे, तरी ठेवावा की नाही ते ठरत नाही.

वसंतात आई गेली. व्हिसा अडकल्यामुळे मला अमेरिकेतल्या चँडलरहून निघता आलं नाही. शेवटचे आठवडे तिच्या घशात नळी होती. फोनच्या पडद्यावर तिचे ओठ दिसायचे, आवाज नाही. तो एकदा तरी ऐकायला मिळावा, एवढंच मागणं माझ्यात उरलं होतं.

शरदात आमचा एक गट सोनोरन वाळवंटाच्या अभ्याससहलीला गेला. वाळवंट समजून घ्यायचं, आणि बाहेरून येऊन पसरलेलं, वणवा वाढवणारं बफेल गवत मुळासकट उपटायचं. उंच सग्वारो निवडुंगांमध्ये तापलेल्या दगडांचा आणि कडवट झुडपांचा वास दाटला होता. माझ्या जोडीला प्राची होती, नागपूरची, इथे एमएस करणारी.

"आईला सांगितलं, डेझर्ट वाचवायला चाललेय," ती पहार मारत म्हणाली, "तर म्हणे, आधी स्वतःची खोली वाचव!"

मी हसले... आणि उताराखालून हाक आली.

"बयो..."

मला बयो फक्त आई म्हणायची. अमेरिकेत हे नाव कुणालाच ठाऊक नाही.

ऊन डोक्यावर होतं. भर दुपारी, रानात, पहिल्या हाकेला ओ देऊ नये. माणसाची हाक असेल तर तिसऱ्यांदा येते — हे आईनंच शिकवलेलं. माझी जीभ आपोआप टाळूला चिकटली.

"बयो..." पुन्हा.

मी तिसरीची वाट पाहत राहिले. आली नाही.

"ताई, कोण बोलावतंय तुम्हाला?" प्राची म्हणाली. "बयो, बयो... तुमचा चेहरा बघून वाटलं, तुम्हालाच असणार. ओ द्या ना!"

तेव्हा मी ओ दिली — मोठ्यानं, पुन्हा पुन्हा, आवाज फाटेपर्यंत. खाली कोरडा ओढा होता, वाळूवर एकही पाऊल नव्हतं. आमचा गट टेकडीच्या पलीकडे होता. त्यात मराठी आम्ही दोघीच.

मला झालेला भास प्राचीच्या कानी कसा पडला? याचं उत्तर शोधणं मी सोडलं आहे. परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये मी तिला एवढंच विचारलं, आवाज कसा होता गं?



"दमलेला, ताई. खूप लांबून चालत आल्यासारखा."